पहाटे तीनचं शहर

खारघरहून एका गृहस्थांनी विचारलं आहे: "पंधरा वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा कोल्हा फक्त गोष्टीत ऐकला होता. आता सोसायटीच्या सीसीटीव्हीत आठवड्यातून दोन-तीनदा दिसतो. गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवतो, काढला तरी परत येतो. बायकोच्या मोगऱ्यात बुलबुलाने घरटं केलंय. वन्यजीव शहराला सरावले असं म्हणायचं का? हे सरावणं होतं तरी कसं? आणि आम्ही रहिवाशांनी नेमकं काय करायचं?"

दादा, कोल्ह्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली त्याच्याकडेच आहे.

तो नव्याने आलेला नाही. पनवेलच्या खाडीपासून बेलापूर, वाशी, ऐरोलीपर्यंत खाडीकाठाने तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, जो पट्टा आहे, त्यात कोल्हे आपल्या सगळ्यांच्या आधीपासून राहतात. जवळपासच्या आगरी-कोळी गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोल्हेकुई त्यांच्या लहानपणातली आहे. तुम्ही आलात तेव्हा गेटवर कॅमेरा नव्हता आणि पहाटे तीनला तुम्ही झोपलेले होता. आता तुमच्या वतीने कॅमेरा जागा असतो. शिवाय मधल्या काळात मोकळे प्लॉट, गवताची रानं, खाजणं भरली गेली, त्यावर इमारती उठल्या. एका झाडोऱ्यातून दुसऱ्यात जायला त्याला आता तुमच्या रस्त्यावरून यावं लागतं. आणि वाटेत ओल्या कचऱ्याचा डबा उघडा असला तर तो थांबतोच. (बातम्यांत कधी कधी याला ‘फॉक्स’ म्हणतात, ते चूक. फॉक्स म्हणजे खोकड, तो माळरानाचा, अंगाने बराच लहान. आपल्या खाडीतला हा सोनेरी कोल्हा, कुत्र्या-लांडग्यांचा जवळचा भाऊबंद.)

तिवरांत त्याचं जेवण म्हणजे खेकडे, निवट्या, उंदीर, घुशी, मेलेले मासे, पडलेली फळं. यादी बघितलीत तर लक्षात येईल, जे मिळेल ते खाणारा प्राणी आहे. शहरात टिकण्याची ही पहिली पात्रता. दुसरी पात्रता मात्र जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही.

तेवीस वर्षं मी ठाणे आणि नवी मुंबईत खाडीवर पक्षी मोजते आहे, विहिरीत, गटारात, घरात अडकलेले प्राणी सोडवते आहे. या कामात एक गोष्ट मला पक्की कळली. शहरात टिकणारा प्राणी जागेच्या आधी वेळ शोधतो. आपण वापरत नाही ती वेळ. तुमच्या कॅमेऱ्यातल्या कोल्ह्याच्या नोंदी काढून बघा. मध्यरात्री बारा ते पहाटे साडेचार यांच्या बाहेरची नोंद क्वचित सापडेल. जिथे माणसांचा वावर नाही तिथे हाच प्राणी सकाळी नऊ वाजताही आरामात हिंडतो.

हे फक्त आपल्याकडचं निरीक्षण नाही. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांच्या जातींवरचे ७६ अभ्यास एकत्र करून मांडले गेले. हरणांपासून वाघापर्यंत सगळ्यांचं चित्र एकच निघालं: माणूस जवळ आला की प्राणी रात्रीकडे सरकतो. जो प्राणी आपला दिवस आणि रात्र निम्मी-निम्मी वापरतो, त्याची रात्रीची हालचाल माणसांच्या शेजारी ६८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे एकाच जमिनीवर दोन शहरं नांदतात, आपलं दिवसाचं आणि त्यांचं पहाटे तीनचं.

आता ‘सरावणं’ या शब्दाकडे येते. आपण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि मग गोंधळ होतो.

काही जीवांना सरावावं लागलंच नाही. त्यांच्याकडे जे होतं तेच शहरात उपयोगी पडलं. पारव्याचं मूळ घर कातळकडे. त्याला घोडबंदर रोडचा तिसावा मजला हा आणखी एक कडा वाटतो, एसीचं युनिट ही कपार. पुलांच्या पोटाखाली मातीच्या वाट्यांची वसाहत करणाऱ्या भिंगऱ्या तशाच. आणि तुमच्या कठड्यातला पिंपळ तर यांचा मेरुमणी.

त्या पिंपळाला एकदा जवळून बघा, रागाने नको. बी मोहरीपेक्षाही बारीक असतं. तांबट, बुलबुल, साळुंकी पिंपळाची फळं खातात, आणि कठड्यावर बसून विष्ठा टाकतात तेव्हा त्यातून ते बी फटीत चिकटतं. पहिल्या पावसात दोन इवलीशी पानं येतात. वर जेमतेम बोटभर रोप दिसतं तेव्हा आत मूळ वीतभर गेलेलं असतं. ते ओल हुंगत प्लास्टरच्या मागे, पाइपाच्या सांध्यात, जिथे थेंब झिरपतोय तिथे पोहोचतं. वड, पिंपळ, उंबर ही सगळी मंडळी मुळात खडकाच्या फटीत नाहीतर दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात जन्म घ्यायला घडलेली आहेत. माती जवळपास नाही, उन्हाळ्यात सगळं तापून कोरडं होतंय, ही त्यांच्यासाठी आणीबाणी नाहीच, त्यांचं बालपण असंच असतं. शहराने सिमेंटचा कडा उभा केला आणि पिंपळ म्हणाला, हे तर आपलंच गाव. तुम्ही वरून तोडता म्हणून तो परत येतो. जुलैत, भिंत चांगली भिजलेली असताना, चार पानांचा असतानाच ओल्या फडक्याने बुडाशी धरून हळूहळू ओढा, मूळ सलग निघतं. कुंडीत लावा, पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या जागी न्या. दोन वर्षं थांबलात तर मग भिंत फोडल्याशिवाय तो निघायचा नाही.

खाडीतलं तिवर याच जातकुळीचं. खारं पाणी, बुळबुळीत चिखल, प्राणवायू जवळपास नाही, अशा ठिकाणी ते जगतं. जमिनीतून पेन्सिली उभ्या केल्यासारखी श्वासमुळं वर काढतं आणि शोषलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. मार्च-एप्रिलमध्ये ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात गेलात तर तिवराचं पान बोटाने पुसून जिभेला लावून बघा, खारट लागेल. उन्हात नीट बघितलं तर पानावर मिठाचे कण चमकतात. शहराने खाडीत सांडपाणी सोडलं, भराव टाकला, गाळ वाढला. कांदळवनातली नाजूक झाडं मागे हटली, तिवर मात्र पसरलं. सिडकोने भरतीचं पाणी आवरायला जे धारण तलाव केले, त्यांतही ते आपण होऊन उगवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एका जन्मात शिकणं. इथे कावळ्याच्या पुढे कुणी नाही. नौपाड्यात एका जुन्या इमारतीसमोरचा रेनट्री पावसात पडला तेव्हा त्यावरचं कावळ्याचं घरटं मी घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. पावणेदोन किलो भरलं. सांगाड्यात काडी एकही नव्हती. बांधकामाची बाइंडिंग वायर, कपड्यांचे तारेचे हँगर, केबलवाल्यांनी छाटून टाकलेले तुकडे. सगळं एकमेकांत असं अडकवलेलं की हलवलं तरी सुटेना. आत मात्र नारळाचा काथ्या, माणसांचे केस आणि एक मऊ, धुतलेलं सुती फडकं अंथरलं होतं. बाहेरचा कोट शहराचा, आतली गादी जुन्याच घराण्याची. कावळ्याला हे जनुकांनी शिकवलेलं नाही. काडी मिळेना, तार मिळाली, तार वाऱ्यात जास्त टिकली.

दयाळाचंही असंच. वसंतात तो पहाटे झुंजुमुंजू व्हायच्या वेळी गातो. ठाण्यात पथदिव्याखालच्या झाडावरचे दयाळ मी पहाटे तीनला गाताना ऐकलेत, आणि दिवे गेलेल्या रात्री तेच नर पाचपर्यंत गप्प. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली असंच काहीसं मोजलं गेलं: जिथे वाहनांची घरघर जास्त, तिथे ‘ग्रेट टिट’ हा छोटा पक्षी वरच्या पट्टीत गातो, कारण रहदारीचा आवाज खालच्या पट्टीत असतो आणि खालचे सूर त्यात बुडतात.

पण शिकलेल्या प्रत्येक युक्तीची किंमत असते, आणि ही बाजू सांगितल्याशिवाय कौतुक करणं मला पटत नाही. मेक्सिको सिटीत चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटकं विणतात. २०१३ साली अभ्यासकांनी दाखवलं की त्यातल्या निकोटीनमुळे घरट्यातले पिसवा-गोचिडांसारखे किडे कमी होतात. वा, केवढी हुशारी! पुढच्या अभ्यासात कळलं, त्याच रसायनांनी पिल्लांच्या पेशींतल्या जनुकांना इजाही होते.

तिसरी गोष्ट खरी उत्क्रांती: पिढ्या बदलतात आणि बदल जन्मतःच येतो. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात फुटपाथवरच्या झाडांच्या आळ्यात उगवणारं एक पिवळ्या फुलांचं तण आहे. ते दोन प्रकारचं बी करतं, वाऱ्यावर उडणारं हलकं आणि बुडाशी पडणारं जड. आळ्याबाहेर सगळीकडे काँक्रीट, उडालेलं बी वाया. मोजक्या पिढ्यांत तिथल्या झाडांनी जड बियांचं प्रमाण वाढवलं. हे २००८ साली सिद्ध झालं. पोर्टो रिकोतल्या शहरी सरड्यांचे पाय लांब आणि बोटांखालच्या पट्ट्या जास्त, म्हणजे गुळगुळीत भिंतीवर पकड पक्की. त्यांची आणि रानातल्या सरड्यांची पिल्लं एकाच प्रयोगशाळेत, एकाच खाण्यावर वाढवली तरी फरक राहिला. कसोटी ही अशी असते. आपल्याकडचा अमुक प्राणी शहरात ‘उत्क्रांत झाला’ असं कुठे वाचलंत तर एवढंच विचारा: शहरातलं आणि रानातलं पिल्लू एकाच परिस्थितीत वाढवून बघितलं का? तुमचा कोल्हा तिवरांत शिरताक्षणी जुनाच कोल्हा होतो. तो बदललेला नाही, त्याने वेळापत्रक बदललंय.

वेळापत्रक म्हटलं की मला रोहित पक्ष्यांबद्दल, म्हणजे फ्लेमिंगोंबद्दल, थोडं सविस्तर बोलायचंय. ठाणे खाडीत ते साधारण नोव्हेंबर ते मे-जून असतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेलेला आहे. २०१५ मध्ये खाडीतलं सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ते इथे येण्याचं मोठं कारण ऐकायला बरं वाटत नाही: आपलं सांडपाणी. त्यातल्या नत्र-स्फुरदावर चिखलात शेवाळं माजतात आणि छोटा रोहित ती उलट्या चोचीने गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. शहराची घाण कुणाचं तरी अन्न झाली. म्हणून घाण सोडत राहावी असा अर्थ काढू नका, त्याच पाण्यातून शिसं, पारा आणि प्लास्टिकही येतं.

हे पक्षी घड्याळ पाळतात ते भरतीचं. कोळीवाड्यात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करा म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा, आणि त्या दिवसांत उधाण. ठाण्याकडे खाडीच्या टोकाला पाणी थोडं उशिरा चढतं. भरतीने चिखलाची मैदानं बुडाली की रोहितांना उभं राहायला आणि विसावायला उथळ पाणी लागतं; मग ते नेरूळ-सीवूड्सच्या तलावांकडे, पलीकडे भांडुपच्या पाणथळीकडे उडतात, आणि ओहोटी लागली की परत. दिवसातून दोनदा भरती, त्यामुळे ही ये-जा रात्रीही होते. पौर्णिमेच्या दुपारी बाराला सीवूड्सला जाऊन उभे राहा, गुलाबी थवे डोक्यावरून येताना दिसतील. त्याच रात्री बारालाही ते येत असतात, फक्त आपण बघत नसतो.

आता यातला एक दुवा काढून घ्या. तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, किंवा काठावर झगझगीत दिवे लागले, तर त्या चार तासांपुरतं पक्ष्याला कुठेच जायला उरत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या भागातल्या एका तलावाचं पाणी अडलं, तळ सुकला, आणि रोहित मरून पडले. काही रस्त्यावर भरकटलेले सापडले. त्यातला एक माझ्या हातात गेला. इतका मोठा पक्षी आणि वजन एखाद्या तान्ह्या बाळाहून कमी. पायांवरचा चिखल कोरडा होऊन पापुद्रे सुटले होते. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. जागा कागदावर राखीव आहे तेवढ्याने पुरत नाही. ठरलेल्या तासाला ती मोकळी, ओली आणि अंधारी असावी लागते.

इथे एक अवघड गोष्टही आहे. मघाशी ज्या तिवराचं कौतुक केलं, ते चिखलाच्या मैदानांवर पसरतं तेव्हा रोहितांची चरण्याची जागा आक्रसते. एक रानटी जीव शहराच्या गाळावर फोफावतो आणि दुसऱ्याचं ताट ओढतो. म्हणून ‘झाडं लावा’ हा उपाय मी डोळे मिटून कधीच सांगत नाही, खाडीत तर नाहीच.

बिबट्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ठाण्यात राहून तो वगळता येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, त्याची पूर्वेची बाजू म्हणजे आपलं येऊर. २०१८ च्या आसपास कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत तिथे ४७ बिबटे निघाले. एवढ्याशा रानात एवढे बिबटे, कारण हरणा-डुकरांच्या जोडीला काठावरची भटकी कुत्री आहेत; बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात खाण्यातला जवळपास पाव हिस्सा कुत्र्यांचा आढळला होता. कुत्री कचऱ्यामागे येतात, बिबट्या कुत्र्यांमागे. बहुतेक रात्री तो भिंतीच्या कडेने येऊन निघून जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. तो चुकतो तेव्हा बहुधा वेळ चुकलेली असते. २० फेब्रुवारी २०१९ ला ठाण्यात एका मॉलच्या आवारात बिबट्या शिरला तो पहाटे; उजाडलं, माणसं जमली, परतीची वाट बंद झाली आणि काही तासांनी जवळच्या हॉटेलच्या आवारातून त्याला बेशुद्ध करून काढावं लागलं.

अशा वेळी पहिली मागणी येते, ‘पकडून लांब सोडा’. मनापासून सांगते, ही मागणी करू नका. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या कामाने दाखवलं की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे माणसांवरचे हल्ले वाढतात. अनोळखी मुलुखात त्याला कुठलं कुत्रं कुठे असतं, माणसं कधी झोपतात, यातलं काही माहीत नसतं. तुमच्या परिसरातल्या बिबट्याने तुमचं वेळापत्रक पाठ केलेलं असतं. हेच कोल्ह्यालाही लागू आहे. शिवाय त्याला उचललं तर मोकळ्या जागेत दुसरा येतो, आणि त्याला तुमची सोसायटी नवीन असते.

आणि ज्यांना जमलं नाही ते? त्यांची गोष्ट कॅमेऱ्यात येत नाही. येऊरला मे अखेर, पहिल्या वळवानंतर, काजवे लागायचे. काजव्याची भाषाच उजेड आहे: नर उडत चमकतो, मादी झुडपातून उत्तर देते. लग्नाच्या लॉनचा प्रखर झोत पडला की दोघंही एकमेकांना आंधळे. त्यांना दुसरी वेळही शोधता येत नाही, कारण अंधार हीच त्यांची वेळ. मी ज्या उतारावर २००६ साली मुलींच्या सहलीला काजवे दाखवले, तिथे आता जात नाही; जिवाला लागतं.

राखी धनेश मधोमध अडकलेला आहे. ठाण्याच्या जुन्या कॉलन्यांत तो उंबर, पपई खाताना दिसतो, खाणं जमवलंय त्याने. पण घरट्याला जुन्या झाडाची ढोली लागते. मादी आत शिरून स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीएवढी फट ठेवते आणि नर तिला बाहेरून भरवतो. हे सगळं मार्च ते जून. आणि आपली पावसाळ्यापूर्वीची छाटणी? एप्रिल-मे. वाळकी, पोकळ फांदी आधी पडते. तांबटाचं बीळही त्याच वाळक्या फांदीत असतं. तुमच्या सोसायटीत छाटणीचा ठेकेदार आला की आधी दहा मिनिटं खाली उभे राहून वर बघा. सुतारकाम केल्यासारखं गोल भोक दिसलं, किंवा नर धनेश पुन्हापुन्हा एकाच खोडाकडे जाताना दिसला, तर तेवढी फांदी ऑगस्टपर्यंत राहू द्या.

तर करायचं काय? ओला कचरा रात्री खाली ठेवू नका, सकाळी गाडी यायच्या वेळी न्या. एवढ्या एका गोष्टीने कुत्री, घुशी, कोल्हे यांची साखळी सैल होते. कोल्ह्याला कुणी पाव-चिकन टाकत असेल तर तोंडावर सांगून थांबवा. खायला देणारा माणूस त्याची भीती मोडतो आणि भीती मोडलेला रानटी प्राणी फार दिवस जगत नाही. खाडीच्या, नाल्याच्या, टेकडीच्या बाजूचे दिवे खाली वळवा, पिवळट ठेवा, मध्यरात्रीनंतर सेन्सरवर टाका. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीने नाल्याकडे सहा फ्लडलाइट लावले, ‘सुरक्षेसाठी’. कोल्हे तिथून हटले आणि गेटसमोरच्या रस्त्यावरून जायला लागले, दोन महिन्यांत एक गाडीखाली आला. दिवे खाली वळवल्यावर ते पुन्हा नाल्याच्या वाटेने जायला लागले.

कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या, पाळलेल्या आणि भटक्या दोघांना. मुंबईत कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळलेला आहे, त्यामुळे हे मी हात जोडून सांगते. भरदिवसा अडखळत चालणारा, तोंडातून लाळ गळणारा, माणसाला न घाबरता अंगावर येणारा कोल्हा दिसला तर जवळ जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद-चुना काही लावू नका. पण पहाटे तीनला शेपूट खाली घालून भिंतीकडेने जाणारा कोल्हा आजारी नसतो. त्याला जाऊ द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकलात तर खाली ‘रोजचाच आहे, घाबरू नका’ एवढं लिहा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी काठ्या घेऊन उतरणार नाही.

राहिला बुलबुल. डोळ्यामागे लाल ठिपका आणि टोकदार तुरा असेल तर तो शिपाई बुलबुल. अंडी उबायला साधारण बारा दिवस, पिल्लं उडायला आणखी तेवढेच. तोवर मोगऱ्याची कुंडी हलवू नका, पाणी कडेने बुडाशी घाला, त्या बाजूची खिडकी बंद असली तर बरं. फोटोसाठी फांदी बाजूला करू नका, पानांचा आडोसा गेला की कावळ्याला घरटं दिसतं. शेवटच्या दिवसांत आखूड शेपटीचं पिल्लू खाली फरशीवर बसलेलं सापडेल. ते अनाथ नसतं, उडायला शिकत असतं. मांजर जवळपास असेल तर उचलून कुंडीत ठेवा, आईबाप आवाजावर येतात आणि भरवतात. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून टाकत नाहीत, निर्धास्त राहा.

घरटं रिकामं झालं की आठवडाभर थांबा, मग वहिनींना सांगा ते अलगद काढायला. वर्तमानपत्रावर ठेवून चिमट्याने सोडवत जा. बारीक मुळं निघतील, गवत निघेल, सालीच्या पट्ट्या निघतील, आणि बहुतेक एखादा प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडाही. तो कुठल्या दुकानाच्या पिशवीचा आहे, अक्षरं लागतात का, ते बघून मला कळवा.